ब्रिज मोडचे एकवीस दिवस

आमचं घर देवबागला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घर आणि मागे पाहुण्यांच्या दोन खोल्या. मे महिन्यात एका रात्री बायको मालिका बघत बसली होती. मालिका मध्येच थांबली आणि टीव्हीवर कुस्ती सुरू झाली. मागच्या खोलीतल्या पोराने मोबाइलवरून पाठवलेली! सगळ्यांना एकच वायफाय, त्यामुळे त्याला आमचा टीव्ही दिसत होता. म्हणजे कॅमेऱ्यांची पेटी आणि प्रिंटरही तिथेच उघडे.

मालवणातून एक राऊटर आणला, इंटरनेट कंपनीच्या राऊटरला जोडला आणि पाहुण्यांना त्यावर ढकललं. पहिल्यांदा नेटच येईना, कारण दोन्ही राऊटरचा पत्ता 192.168.1.1. माझ्याचा 192.168.20.1 केला, चाललं. टीव्ही पाहुण्यांना दिसेनासा झाला. मी खूश.

आठवड्याने भाचा पुण्याहून आला. त्याने मागच्या खोलीत बसून कॅमेऱ्याच्या पेटीचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला आणि लॉगिनचं पान माझ्यासमोर धरलं. टीव्ही फक्त यादीत दिसत नव्हता, वाट उघडीच होती. माजघरातला माणूस ओटीवर हवा तेव्हा येतो, ओटीवरचा मात्र सरळ माजघरात शिरत नाही. राऊटरमागे राऊटर लावला की तसंच होतं. आतल्याला बाहेरचं जाळं मोकळं, बाहेरच्याला आतलं बंद. मी पाहुण्यांना माजघरात नेलं होतं आणि घरच्यांना ओटीवर बसवलं होतं.

भाचा म्हणाला, "मामा, कंपनीकडून ब्रिज मोड करून घे." म्हणजे त्यांचा डबा नुसती फायबरची लाइन पुढे देणार, बाकी सगळं आपला राऊटर बघणार. त्यासाठी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करायचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर, म्हणजे लाइनवरच्या आपल्या वाटेचा क्रमांक लागतो. तो सांगून पुण्याला गेला, आणि मी अडकलो.

पहिला फोन. "काका, उद्या माणूस येतलो." आला नाही. दुसऱ्या फोनवर मुलीने विचारलं, लाल दिवा लागतोय का? मी म्हटलं, नाही, नेट उत्तम चालू आहे. मग तक्रार कसली, म्हणाली. तक्रार बंद केल्याचा मेसेज पाच मिनिटांत आला, हे काम मात्र चपळ. तिसऱ्यांदा त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. काउंटरवरच्या पोराने 'ब्रिज मोड' शब्द कागदावर लिहून घेतला, आतल्या साहेबाला दाखवला आणि परत येऊन विचारलं, "काका, ब्रिज म्हणजे खयच्या पुलाकडे लाइन व्हयी?" हसावं की रडावं कळेना. मग पाऊस सुरू झाला, लायनी तुटल्या, माणूस कुडाळला गेला, माणूस लग्नाला गेला. पासवर्ड विचारला तर उत्तर एकच, तो आमच्याकडे नसतो. मग कोणाकडे असतो?

एकोणिसाव्या दिवशी चिडून मी भाच्याला फोन लावला. त्याने कंपनीच्या राऊटरच्या स्टेटस पानावरचा वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता वाचायला लावला. 100.72 पासून सुरू होणारा. तो हसला. 100.64 ते 100.127 पर्यंतचे पत्ते 2012 सालापासून कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा खरा पत्ता कंपनीकडेच, अनेकांत वाटलेला. ब्रिज मोड मिळाला असता तरी बाहेरून थेट घरात शिरता आलं नसतं, आणि ते मला नकोच होतं. मी कॅमेरे बघतो ते ॲपवर, तसे ते चालतातच.

मग ब्रिज मोडचा नाद सोडला आणि आणखी एक राऊटर घेतला. कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद केलं, त्याच्या दोन लॅन पोर्टांतून, म्हणजे आतल्या बाजूच्या भोकांतून, दोन तारा काढल्या, एक घरच्या राऊटरच्या वॅन पोर्टात, दुसरी पाहुण्यांच्या. घरचा 192.168.10.1, पाहुण्यांचा 20 तसाच. आता दोघांनाही एकमेकांचं काही दिसत नाही. एका संध्याकाळचं काम. वॅनऐवजी लॅनमध्ये तार खुपसलीत तर सगळं परत एक होतं, ते बघा. कंपनीच्या डब्याचं पान मात्र पाहुण्यांनाही उघडतं, म्हणून त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला. आणि हो, चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय जात नाही, मागच्या खोल्यांपर्यंत तारच ओढावी लागली. गडगडायला लागलं की आधी अडाप्टर उपटा, मग वाळत घातलेले कपडे.

एकविसाव्या दिवशी माणूस आला. मी 'आता नको' म्हणेपर्यंत त्याने कंपनीच्या डब्याचं रिसेट दाबलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि चॅटमधला मेसेज बघून युजरनेम-पासवर्ड भरला. तोच, जो त्यांच्याकडे नसतो. मी मागितला तर म्हणाला, "ता देऊक येणा नाय, काका." डब्याचं वायफाय जुन्या स्टिकरच्या पासवर्डासकट पुन्हा चालू झालं होतं. माझ्या मोबाइलकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बघा, आता फुल रेंज."

तो गेल्यावर मी ते परत बंद केलं.