लेन्स नवी, तरी सिलिंडर?

‘मोतीबिंदू काढला ना, मग चष्म्यात सिलिंडर कुठून आला?’ चष्म्याच्या दुकानात आज एक काका विचारत होते.

प्रश्न रास्त आहे. सिलिंडर म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्याने लागणारा नंबर. ऑपरेशनमध्ये निघते ती आतली गढूळ लेन्स. तिच्यामुळे असलेला सिलिंडर तिच्याबरोबर जातो, कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, मात्र तसाच राहतो. शिवाय चीर बहुतेकदा कॉर्नियालाच देतात, म्हणजे थोडी भर किंवा घट तिथेही.

त्यावर टोरिक लेन्स आहे, म्हणजे सिलिंडरही भरून काढणारी, डोळ्यात बसवायची लेन्स. पण ती नेमक्या अक्षावरच, म्हणजे सिलिंडरच्या दिशेतच, बसायला हवी. 10 अंश सरकली की साधारण एक तृतीयांश फायदा गेला, 30 अंशांना जवळपास सगळाच. म्हणून अक्षाच्या खुणा ऑपरेशनआधी पेशंटला बसवून डोळ्यावर करतात. आडवं झालं की डोळा किंचित फिरतो.

पॅकेज किती, हे सगळे विचारतात. कॉर्नियाचा सिलिंडर किती, हे कोण विचारतं?