गाव सोडणाऱ्यांसाठीचे दोन कायदे

चैत्रात यात्रांचा हंगाम सुरू झाला की माण, खटाव, पाटण, जावळी या तालुक्यांतील गावे चार दिवस भरून जातात आणि पालखी देवळात परतली की पुन्हा ओस पडतात. सातारा जिल्ह्यात स्थलांतर इतके अंगवळणी पडले आहे की त्याची कारणे सहसा कोणी विचारत नाही. ती विचारायला हवीत, कारण कारण चुकले की उपायही चुकतो.

पहिले उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे दुष्काळ. माण तालुक्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे तिथे ते खरेही आहे. पण त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याला लागून असलेल्या जावळीतून व पाटणच्या डोंगरपट्ट्यातूनही माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली आहेत. तिथे अडचण जमिनीची आहे. उतारावरची, वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेली शेती. भात आणि नाचणी निघाली की पुढचे आठ महिने हाताला काम नाही. आणि डोंगरावर पडलेले पाणी खाली धरणात जाऊन साठलेले. कोयना खोऱ्यातील अनेक गावांची चांगली जमीन तर त्या धरणातच गेली. म्हणजे पाऊस भरपूर असूनही गाव सोडावे लागते, आणि म्हणूनच टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे मोल मान्य करूनही ‘पाणी आले की स्थलांतर थांबेल’ हे विधान मला अपुरे वाटते.

सगळे स्थलांतर दुःखाचेही नसते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याचे कौशल्य घेऊन देशभरातील सराफ बाजारांत स्थिरावले आणि त्यांनी गावाकडे घरे बांधली, देवळे उभारली. हाती कसब असलेला माणूस बाहेर पडतो आणि ज्याला घरी राहणेच अशक्य होते तो बाहेर पडतो, या दोन गोष्टी धोरण आखताना एकाच मापाने मोजू नयेत. चिंता करायची ती दुसऱ्याची.

हॅरिस आणि टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये असे मांडले, की माणूस शहराकडे निघतो तो तिथल्या प्रत्यक्ष मजुरीच्या नव्हे, तर मिळण्याची शक्यता असलेल्या मजुरीच्या हिशेबाने. शहरात दहा नोकऱ्या निर्माण झाल्या की त्यांच्या आशेने दहाहून अधिक माणसे येऊ शकतात, आणि उरलेली झोपडपट्टीत, नाक्यावर किंवा हमालीत सामावली जातात. २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटी लोकसंख्येच्या मुंबईत ५० लाखांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्यामुळे उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो: गावात काम आणि शहरात कामाला संरक्षण. मला विशेष वाटते ते याचे, की या दोन्ही टोकांचे महाराष्ट्रातील महत्त्वाचे कायदे सातारा आणि सांगलीच्या माणसांनी घडवले.

गावाकडच्या टोकाचा कायदा रोजगार हमीचा. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याची ही कल्पना मांडली आणि तिचा प्रयोग तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागेही तिचाच अनुभव होता. तिच्यासाठी शहरी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. म्हणजे शहराने गावाच्या श्रमाचा भार उचलावा, हे तत्त्व तिच्या मुळातच होते. पण मजुरी आठवडेच्या आठवडे रखडली, तर ज्याच्या घरात आज पीठ नाही तो मस्टरवर नाव असूनही गाडी पकडतो. हमी कागदावर राहते ती इथे.

शहराकडचा कायदा माथाडींचा, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचा. पाटण तालुक्यातून मुंबईत आलेले अण्णासाहेब पाटील यांनी पाठीवर पोती वाहणाऱ्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याआधी व्यापारी म्हणे हा हमाल माझा नोकर नाही, आणि टोळीचा मुकादम मजुरीतून आपला वाटा काढून घेई. कायद्याने कामगारांची नोंदणी माथाडी मंडळाकडे दिली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची, आणि मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, उपदान व औषधोपचार द्यायचे. कायमचा मालक नसलेल्या माणसाला कायम कामगाराचे हक्क देणारी ही रचना मला फार मोलाची वाटते. नवी मुंबईत साताऱ्याची जी कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, त्यांतील कित्येकांचे घर या कायद्याच्या आधाराने उभे राहिले.

आता हे दोन्ही कायदे जिथे अपुरे पडतात ती जागा आपल्या डोळ्यांसमोर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याच कारखान्यांच्या परिसरात बीडकडून आणि आपल्या जतमधूनही ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात. पाचट आणि प्लॅस्टिकच्या कोप्या, पहाटेच्या अंधारात सुरू होणारी तोड, रात्री कधीही येणारी गाडी भरण्याची पाळी, आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर बसलेली, शाळा सुटलेली मुलगी. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यात हंगाम जातो आणि ती फिटली नाही तर पुढचे वर्षही बांधले जाते. माथाडी कायद्यापूर्वीच्या मुंबईत जे मुकादम करत होता, तेच इथे आजही चालू आहे.

ऊसतोड कामगारांसाठी राज्याने कल्याणकारी महामंडळ स्थापन केले आहे आणि त्यासाठी कारखान्यांनी टनामागे रक्कम द्यावी असे ठरले आहे. हे योग्यच झाले, परंतु कल्याण निधी वेगळा आणि मजुरीच मंडळामार्फत देणे वेगळे. माझे म्हणणे असे, की माथाडी मंडळाप्रमाणे तोडणीची सर्व मजुरी मंडळात जमा व्हावी आणि उचलही त्यानेच नाममात्र व्याजाने द्यावी. याला नवी यंत्रणा लागणार नाही, कारण वजनकाट्यावर प्रत्येक गाडीची नोंद आजही होते आणि कोणत्या टोळीने किती टन तोडले ते कारखान्याला ठाऊक असते. बदल करायचा आहे तो नोंदीत. आज नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि पैसे नवऱ्याच्या हाती पडतात. मंडळाच्या नोंदवहीत दोघांची नावे स्वतंत्र लिहावीत आणि मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत जमा करावी.