दर्यापूर ते दर्यापूर, 160 किलोमीटर

200 किलोमीटरच्या पहिल्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीची, तयारी म्हणून आम्ही सहा जणांनी जानेवारीतल्या एका रविवारी दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा, अमरावती आणि परत दर्यापूर अशी सुमारे 160 किलोमीटरची फेरी केली. ब्रेव्हेत 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात आणि चहा, जेवण, पंक्चर हे सारे त्याच वेळात बसवावे लागते. म्हणजे थांबे धरून ताशी जवळपास 15 किलोमीटरची सरासरी दिवसभर टिकवायची. शाळा सांभाळून माझा सराव तास-दीड तासाचा. तेवढ्या वेळात अंगात साठलेल्या शक्तीवर भागून जाते, त्यामुळे सायकलवर बसल्या-बसल्या खाण्यापिण्याची सवय मला कधी लागलीच नव्हती.

पहाटे 5 वाजता हेल्मेट, चमकणारे जॅकेट आणि मागचे लाल दिवे तपासून आम्ही निघालो. अंजनगावनंतर रस्ता पूर्वेकडे वळला आणि समोरून बोचरा वारा सुरू झाला. आम्ही एकामागे एक अशी रांग धरली. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर राखले की वारा बराचसा तोच झेलतो आणि मागच्याचे श्रम स्पष्ट कमी होतात. म्हणून दर पाच मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन शेवटी जायचा. एवढ्या जवळून चालवताना खड्डा दिसला की हाताने खूण करणे हे पुढच्याचे कर्तव्य असते, आणि आमच्यातले सर्वांत वयस्क भाऊ, जे एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत, ते एकही खड्डा चुकवत नव्हते.

पथ्रोटच्या अलीकडे माझे मागचे चाक बसले. नवी ट्यूब टाकण्यापूर्वी टायरमधला काटा सापडलाच पाहिजे, नाहीतर दुसरी ट्यूबही जाते. पण थंडीने बधिर झालेल्या बोटांना तो लागेना. कापसाच्या गाड्या जाताना रस्त्याकडेच्या बाभळींना बोंडाचे पुंजके अडकून राहतात. भाऊंनी त्यातला एक पुंजका काढला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी कापसाचे तंतू ओढले गेले आणि तिथेच बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक निघाले. या कामात वीस मिनिटे गेली.

तो वेळ भरून काढायचा म्हणून परतवाड्याला मी दोन संत्री आणि अर्धी प्लेट पोह्यांवर उठले. चूक तिथे झाली. आसेगावला पूर्णा ओलांडली, अमरावती गाठली, तोवर पाय उत्तम चालत होते, म्हणून बाटल्या भरण्याचेही मी टाळले. वलगावला पेढी नदी लागली. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी इथेच देह ठेवला. त्यांचे जन्मगाव शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातले, म्हणजे सकाळी आम्ही पार केलेल्या मुलखातले.

वलगावनंतर खारपाणपट्टा सुरू होतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. एका हातपंपावर मी ओंजळ तोंडाला लावली आणि घोट तसाच बाहेर टाकला. माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. पुढच्या काही किलोमीटरमध्ये भर उन्हात अंगावर काटा आला, पाय पोकळ झाल्यासारखे वाटू लागले आणि मीटरवरचे आकडे नीट वाचता येईनात. तरीही माझ्यामुळे सगळे थांबतील या संकोचाने मी बोलले नाही. रांगेपासून दहा-बारा हात मागे पडले, तेव्हा भाऊंनीच मागे वळून पाहिले.

बाभळीच्या सावलीत बसवून त्यांनी आपल्या बाटलीतल्या पाण्यात मीठ, साखर आणि लिंबू घातले आणि ते घोट-घोट प्यायला लावले. सोबत गूळ आणि शेंगदाणे. "ताई, काहून बोलल्या नाही आधी?" एवढेच ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, याचे मला जास्त वाईट वाटले. रांगेत ज्याची ताकद संपत आली आहे त्याने ते वेळेवर सांगणे हे खड्ड्याच्या खुणेइतकेच आवश्यक असते, कारण त्याच्या मागचा त्याच्या भरवशावर चालवत असतो. आणि मी ती खूण केली नव्हती.

पस्तीस मिनिटांनी आम्ही निघालो. मला रांगेत तिसऱ्या जागी घेतले गेले, माझी पाळी बाकीच्यांनी वाटून घेतली आणि वेग ताशी 18 च्या वर जाऊ दिला नाही. खोलापूरला चहा आणि दोन बिस्किटांचे पुडे संपवल्यावर दृष्टी स्वच्छ झाली. वारा आता पाठीशी होता.

दर्यापूरला पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. ब्रेव्हेच्या हिशेबाने 160 किलोमीटरला पावणेअकरा तास मिळाले असते. आम्हाला साडेअकरा लागले, आणि त्यातली पस्तीस मिनिटे माझी होती. त्या रात्रीच मी घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावला. पुढच्या रविवारी भाऊ आणि मी फक्त दर्यापूर ते वलगाव एवढेच अंतर जाऊन-येऊन करणार आहोत, परतताना दोन्ही बाटल्या वलगावातूनच भरून.