कोन्हुन्तो वही, नोंद १४: पांढरी सहाने खाल्लेले तीन आठवडे

तीन आठवडे या कोन्हुन्तोच्या, म्हणजे टेक्ससमधल्या मेक्सिकन लोकांच्या अकॉर्डियन-संगीताच्या, वहीत काही टाकलं नाही. टाकण्यासारखं काही नव्हतंच, अकॉर्डियनचा एकच सूर, पांढरी सहा, घासत बसले होते. काल रात्री तो लागला. लागला म्हणजे काय, मुळात तो बिघडलेलाच नव्हता. मीच त्याला घासून घासून बिघडवला होता, हे काल कळलं.

आधी मागची उधारी. अकॉर्डियनच्या डाव्या हाताचे सगळे रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर काढणाऱ्या पट्ट्या, काढून भोकं बुजवली, यावर बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली होती. ‘अर्धं वाद्य मारलंस’ वगैरे. अहो, डावा हात सोडायची रीत इथे जुनी आहे. अकॉर्डियनवादक नार्सिसो मार्तीनेस यांनी १९३६ मध्ये ब्लूबर्ड कंपनीसाठी तबकड्या केल्या, तेव्हाच खर्ज आणि ठेका सांतियागो आल्मेदांच्या बाहो सेक्स्तोवर टाकून उजव्या हाताला मोकळं रान दिलं होतं. बाहो सेक्स्तो म्हणजे गिटारच्या जातीचं वाद्य: बारा तारा, सहा जोड्या, चौथ्याच्या, म्हणजे सा ते म इतक्या, अंतराने लावलेल्या. एवढं भरभक्कम वाद्य शेजारी वाजत असताना आपण डाव्या हाताने बुम-चक करायचं म्हणजे लग्नात दोन भटजींनी एकदम मंगलाष्टकं म्हणण्यासारखं. रीड काढल्यावर वजन कमी झालं आणि हवा पुरायला लागली. मला पश्चात्ताप नाही.

आता मूळ दुखणं. माझं अकॉर्डियन ‘सोल’चं, म्हणजे बाहेरून आत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी चार अशा तीन ओळी, एकतीस बटणं, सेकंडहँड होनर कोरोना. प्रत्येक सुराला दोन रीड, आणि आलं तेव्हा दोन्हींत अंतर भरपूर होतं. पांढरी सहावर, म्हणजे ४४० हर्ट्झवर, मोजलं तर १६ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). सेकंदाला चार लहरी. जत्रेतल्या पाळण्यासारखं डोलतं ते. मला हवा होता अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेस यांच्या उत्तरायुष्यातल्या रेकॉर्डिंगसारखा कोरडा आवाज, म्हणून ४ सेंटवर आणायचं ठरवलं. सेकंदाला जेमतेम एक लहर. बाहेरची ओळ दिवाळीपर्यंत झाली, मधली संक्रांतीपर्यंत, आणि मधल्या ओळीतल्या पांढरी सहाशी येऊन गाडी रुतली.

या वाद्यात एकाच बटणाला भाता ओढताना एक सूर आणि दाबताना दुसरा. हा सूर मधल्या ओळीत भाता ओढताना येतो आणि आतल्या ओळीत भाता दाबताना. म्हणजे एकच सूर दोन दिशांना मिळतो, आणि तीन ओळींवरचं सगळं चातुर्य यावरच उभं आहे. भात्याची दिशा न बदलता लांब तान घ्यायची तर ओळ बदलायची. पण माझी मधली पांढरी सहा उतरलेली. नऊ सेंट. तान त्या पायरीवर आली की पाय खड्ड्यात.

बाहेर काढून टेबलावर वाजवली तर चोख! परत बसवली की उतरलेली. रीड बाहेर आणि आत थोडा वेगळा वाजतो हे माहीत होतंच, एकदोन सेंट मी धरूनच चालते. पण नऊ? मेण आणि राळ खरवडून पुन्हा भरली. रीडवरची चामड्याची झडप बदलली. ऑनलाइन मागवलेली चामडी इतकी जाड निघाली की चपलेला अंगठा लावता आला असता. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण ‘प्रीमियम’ या शब्दावरचा विश्वास उडाला. शेवटी जुन्या हातमोज्याचं पातळ चामडं कापून लावलं. तरी नऊ.

मग मी केलं ते नवशिक्यांनी करू नये. वाद्यात बसवून मिळालेलं मापच खरं धरलं आणि रीड टोकाला घासून चढवत गेले. टोकाला घासलं की सूर चढतो, रिव्हेटपाशी, म्हणजे रीड जिथे ठोकून बसवलेला असतो तिथे, घासलं की उतरतो, हे आपल्या पेटीसारखंच. पण पेटीचा रीड पितळी आणि हा पोलादी. पितळेची सवय असलेला हात पोलादावर आधी काहीच उठत नाही म्हणून जोर लावतो आणि मग एकदम जास्त उठतं. शिवाय घासायचं लांबीच्या दिशेनेच, आडवा ओरखडा पडला की पुढेमागे रीड तिथेच तुटतो. खाली आधाराला मी फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातलं, सर्वांत पातळ पातं सरकवते. रीड-ट्यूनिंगचा महागडा संच घेण्याआधी गाडीच्या दुकानातलं हे गेज घ्या, माझं ऐका. आणि मोबाइलवरचा ट्यूनर दोन रीड एकदम वाजताना वाट्टेल ते आकडे सांगतो. एकाखाली कागदाची पट्टी घालून त्याला गप्प करा आणि मग दुसरा मोजा.

असं दोन्ही रीड चढवून आतलं माप जुळवलं. जुळलं खरं, पण सूर कसातरीच. जोरात भाता ओढला की एक, हळू ओढला की दुसरा.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल होता. आमच्याकडे भजनाची पेटी आहे आणि गणपतीच्या आधी तिचे सूर बाबा स्वतः लावतात. त्यांना हे वाद्य म्हणजे ‘आडवी धरलेली पेटी’. मी वैतागून तो सूर वाजवून दाखवला, मग शेजारचे दोन. बाबा निम्मं लक्ष टीव्हीकडे ठेवून म्हणाले, “उतरलेला येतो की दबका येतो?”

तीन आठवड्यांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, कारण ट्यूनरला दबका कळत नाही.

“दबकाच,” मी म्हटलं.

“मग सुराला काय छळतेस? तोंड उघडतंय का बघ त्याचं.”

जाळी काढली. बाकीच्या बटणांखालच्या झडपा साधारण तीन मिलिमीटर उचलतात, ही दीडच. आधीच्या मालकाने या एका बटणाखालचा फेल्ट बदललेला, बहुतेक सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं बटण म्हणून, आणि दुप्पट जाड लावलेला. बटण पूर्ण खाली जायचंच नाही. भोक अर्धं झाकलेलं, हवा कोंडलेली, म्हणून सूर दबका आणि उतरलेला. टेबलावर चोख का, तर टेबलावर बटणाखालची झडपच नाही.

फेल्ट ब्लेडने कापला, दहा मिनिटांचं काम. बटण दाबलं. आवाज खणखणीत, आणि अर्थातच नऊ सेंट चढलेला. माझी कर्तबगारी! पुढचे दोन तास रिव्हेटपाशी घासून उतरवण्यात गेले. रात्री साडेबाराला पहिला रीड ४४० वर आणि दुसरा चार सेंट वर स्थिरावला. मग ओढत मधली, दाबत आतली, पुन्हा ओढत मधली, असं वीसेक वेळा नुसतंच वाजवलं. नवरा झोपेतून उठून म्हणाला, “एकच सूर आहे ना?” हो! एकच आहे! तेच तर!

फक्त आतली ओळ अजून डोलतीच आहे, १६ सेंटवर. ती पुढच्या महिन्यात करायची होती. पण आज सकाळी फक्त त्याच एका ओळीवर एक साधी पोल्का (नाचाची चाल) वाजवली, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि हात थांबला. हा आवाज ओळखीचा होता. थोरल्या सांतियागो हिमेनेस यांच्या जुन्या तबकड्यांचा.

हिमेनेस घरातली ही वाटणी मला पूर्वी नीट कळली नव्हती. आजोबा पात्रिसियो अकॉर्डियन वाजवायचे. त्यांचा मुलगा सांतियागो दोन ओळींवर वाजवायचा, त्यानेही १९३६ मध्येच पहिल्या तबकड्या केल्या आणि कोन्हुन्तोमध्ये तोलोलोचे, म्हणजे उभा बास, आणला. त्याचं टोपणनाव ‘एल फ्लाको’, लुकडा. थोरला मुलगा लिओनार्दो, त्याला वारशात अकॉर्डियनबरोबर टोपणनावही मिळालं, आणि जगाला माहीत असलेला फ्लाको तो. त्याने तीन ओळींवरून रॉकवाल्यांपर्यंत मजल मारली. धाकटा सांतियागो मात्र वडिलांच्या दोन ओळींवरच राहिला, वडिलांच्याच चालीत, आणि त्याबद्दल त्याला २००० ची नॅशनल हेरिटेज फेलोशिप, लोककलांसाठीचा अमेरिकन सन्मान, मिळाली. एकाच घरातले दोन भाऊ आणि दोन आवाज. आपल्याकडे अशा वेळी घराण्याचा खरा वारस कोण यावर दोन पिढ्या भांडण चाललं असतं. फ्लाको ३१ जुलै २०२५ ला गेले, तेव्हापासून मी फक्त त्यांचंच ऐकत होते. धाकट्यांकडे दुर्लक्ष झालं, कबूल.

तर आता बेत बदलतोय, अगदी हे टाइप करता करता. आतली ओळ कोरडी करायची नाही. बाहेरच्या ओळीवर कागदी टेप लावायची आणि राहिलेल्या दोन ओळींचं दोन-ओळी वाद्य समजून महिनाभर आत-बाहेर वाजवायचं, तानबिन बंद. पांढरी एक आणि पांढरी चार, चौथ्याचंच अंतर, म्हणजे मांडणी तीच.

थांबा. पण मग मधली ओळ मी कोरडी कशाला करून बसले? एक ओळ डोलणार आणि एक सरळ चालणार. पुन्हा १६ वर न्यायची? त्या पांढरी सहाला तिसऱ्यांदा हात लावायची हिंमत माझ्यात नाही. स्वस्तातलं जुनं दोन-ओळी कुणाकडे असेल तर सांगा. ‘फा’चं, म्हणजे पांढरी चारचं, असलं तरी चालेल, गंजलेलं नको. (घरी विचारलेलं नाही. आधी मिळू दे.)

अजून एक आनंद नोंदवून ठेवते. शनिवारी ऑस्टिनहून सॅन अँटोनियोला बाहोवाल्या मित्राकडे गेले होते. त्याचा बाहो मासियासांच्या हातचा. मार्तीन मासियासांनी सुरू केलेलं काम पुढे त्यांचा मुलगा अल्बेर्तोने चालवलं. वाद्य करणारीही घराणीच इथे. मित्राने लय मुद्दाम पाडली, अकॉर्डियनवादक तोनी दे ला रोसा यांनी नाचणाऱ्यांसाठी पाडली होती तशी. त्या संथ चालीवरच्या नाचाला ताकुआचितो म्हणतात, पोसम नावाच्या प्राण्यावरून, कारण तो असाच रांगत चालतो. त्या लयीत मला पहिल्यांदा दोन सुरांच्या मधली जागा ऐकू आली. वेगात सगळं झाकलं जात होतं. मित्राच्या दहा वर्षांच्या मुलीने माझं वाजवणं ऐकून घेतलं, मग अकॉर्डियन मागून घेतलं आणि तीच पोल्का वाजवून दाखवली, पांढरी सहाचं ते दबकं बटण चुकवून. आतल्या ओळीतून वळसा घालून गेली. कुणी काही सांगितलं नव्हतं. अकॉर्डियनवादक एवा इबारांच्या हातात चौथ्या वर्षी अकॉर्डियन आलं होतं हे वाचलं होतं, पण समोर बसून बघणं वेगळं.

तेव्हाच तिला विचारायला हवं होतं की ते बटण का चुकवलंस. एक दिवस आधी फेल्ट सापडला असता.

पुढच्या वेळी टेपची हकिकत. बाहेरच्या ओळीतली काळी तीन किंचाळायला लागली आहे, पण आता आधी जाळी काढणार, मग कानस.