चंद्रपूरच्या थंडीत हवेतली धूळ मोजताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी डिसेंबर-जानेवारीत मी चंद्रपूर परिसरातील हवेतली धूळ मोजली. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी आणि घुग्घुसकडचे सिमेंट कारखाने असलेल्या या पट्ट्यातील एका वस्तीत, एका काकांनी आपल्या घराच्या गच्चीवर सॅम्पलर, म्हणजे हवेतली धूळ गोळा करणारे यंत्र, बसवू दिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या औद्योगिक पट्ट्यांच्या 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथे सर्वाधिक प्रदूषित होते. त्या आकड्यामागची रोजची हवा मला पाहायची होती.

यंत्र मिनिटाला सुमारे 1.1 घनमीटर हवा ओढते, जाड धूळ सायक्लोनमध्ये, म्हणजे हवा गरगर फिरवणाऱ्या भागात, खाली पडते आणि 10 मायक्रॉनपर्यंतचे कण काचतंतूंच्या कागदावर साठतात. कागद दर 8 तासांनी बदलायचा. तेवढ्या वेळात 528 घनमीटर हवा जाते, म्हणजे पीएम 10 ची (याच 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) दर घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम ही मर्यादा गाठायला कागदाचे वजन जेमतेम 0.053 ग्रॅमने वाढावे लागते.

इथेच माझी चूक झाली. पहिल्या आठवड्यात पहाटेच्या दवातून आणलेले कागद मी लगेच तोलले. दोन दिवसांनी पुन्हा तोलले तर वजन उतरलेले. धुळीबरोबर मी ओलावाही मोजला होता. कोरे कागदही तसेच तोललेले असल्याने दुरुस्तीला वाव नव्हता, म्हणून ती सर्व निरीक्षणे रद्द केली. त्यानंतर प्रत्येक कागद वापरापूर्वी आणि वापरानंतर 24 तास डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवला आणि चिमट्यानेच उचलला.

थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, वारा पडतो, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर वस्तीतच कोंडतो. दिवसाचा कागद करडा निघे, रात्री 10 ते पहाटे 6 चा मात्र काळपट. तो पाहून काकूंनी विचारले, "हा सगळा थर्मलचाच धूर ना, बेटा?" मला हो म्हणता आले नाही, कारण गल्लीत कोळशाच्या शेगड्याही पेटत होत्या आणि नुसत्या रंगावरून स्रोत ठरत नाही, त्यासाठी कागदाचे रासायनिक विश्लेषण लागते.

अहवालात 24 तासांची एकच सरासरी पुरेशी आहे, असे मला सांगण्यात आले. तरी मी तिन्ही पाळ्यांचे आकडे वेगळे दिले, कारण त्या गल्लीत पाणी पहाटे 5 ला येते आणि काकू तेव्हा नळावर उभ्या असतात.