अर्जात थेरमिनसाठी चौकोन नव्हता

आमच्या गावातलं एक जुनं संगीत मंडळ दरवर्षी नवोदित कलाकारांची सभा घेतं. आधी अर्ज, मग चाचणी, मग सभेत छोटंसं वादन. मला तिथे थेरमिनवर, म्हणजे स्पर्श न करता हवेत हात हलवून वाजवायच्या विजेवरच्या वाद्यावर, यमन वाजवायचा होता. वाद्य मिळवणं, रियाज, तबल्याच्या साथीला माणूस शोधणं हे सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते अर्जातल्या एका ओळीवर. ‘वाद्यप्रकार’ या शब्दापुढे चार चौकोन छापलेले होते: तंतुवाद्य, सुषिरवाद्य, चर्मवाद्य, घनवाद्य.

थेरमिनला तार नाही, फुंकर नाही, कातडं नाही आणि आघातही नाही. उजवीकडे उभी अँटेना, डावीकडे आडवी वळलेली नळी. उजवा हात उभ्या अँटेनाजवळ नेला की स्वर चढतो. डावा हात नळीजवळ नेला की आवाज कमी होतो, वर उचलला की मोठा होतो. वाद्याला कुठेही स्पर्श करायचा नाही. आत दोन ऑसिलेटर (विद्युत् कंपनं निर्माण करणारी मंडलं) असतात आणि दोघांचीही वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, माणसाच्या कानापलीकडची. एक स्थिर राहतो. दुसऱ्याची वारंवारता हात जवळ आला की बदलते, कारण हात आणि अँटेना मिळून एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी, तयार होते. या दोघांमधला फरक तेवढा आपल्याला ऐकू येतो. फरक सेकंदाला ४४० कंपनांचा (४४० हर्ट्झ) असेल, तर ४४० हर्ट्झचाच स्वर ऐकू येतो.

हे सगळं मी कार्यालयातल्या काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, चौकोनात खूण नसेल तर अर्ज घेता येत नाही.”

“काका, यातला एकही लागू होत नाही.”

“मग तंतुवाद्य करा. ही सळई आहे ना वर?”

ती खूण मी केली नाही. ज्या वाद्यासाठी इतकी वर्षं कान तयार केला, त्याची ओळखच खोटी लिहून द्यायची हे मला पटणारं नव्हतं. काका म्हणाले, मग चिटणिसांना भेटा. चिटणीस संध्याकाळी येत, तेही ठरावीक वारी, आणि त्या वारी बैठक असेल तर भेटत नसत. बाहेरच्या बाकावर बसून मी आतल्या वर्गातले अलंकार ऐकत राहायचे. भेट झाली तेव्हा नवाच नियम समोर आला: “इलेक्ट्रॉनिक वाद्यं आपण घेत नाही.” नियमावलीत ते खरंच छापलेलं होतं.

त्याच खोलीत कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुरू होता. मी तो दाखवला. “तो साथीला आहे,” असं उत्तर आलं आणि विषय संपला.

आता जे सांगते ते खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. अर्ज घेत नसतील तर सोबत एक पत्र द्या आणि पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तोंडी बोलणं पुढच्या भेटीपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. शिक्का असलेलं पत्र कार्यकारिणीपुढे ठेवावं लागतं. मी शिक्का घेतला म्हणूनच पुढे, उशिरा का होईना, गाडं हललं.

पत्र लिहिताना मी नियमाशी भांडले नाही, त्याचं कारण विचारलं. कीबोर्डमध्ये तयार ताल आणि तयार सुरावटी असतात, एक बटण दाबलं की ठेका सुरू होतो, म्हणून हा नियम आला असणार. थेरमिनमध्ये तयार काहीच नाही. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, हाताला टेकायला जागा नाही. हात किंचित थरथरला तरी स्वर ढळतो. सारंगीवर निदान तार नखाला लागते, इथे षड्ज (सा) कुठे आहे ते फक्त कान सांगतो.

मग इतिहास लिहिला, तारखांसह, कारण ‘हे खेळणं आहे’ हा शब्द मी त्या कार्यालयात ऐकला होता आणि तो मला आजही बोचतो. लेव्ह थेरमिन हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ, स्वतः चेलो वाजवणारे. १९२०च्या सुमारास पेत्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रयोगशाळेत वायूंच्या मोजमापाचं उपकरण करताना त्यांना हे वाद्य सापडलं. १९२२मध्ये त्यांनी ते लेनिनसमोर वाजवलं. १९२८मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने ते बाजारात आणलं. त्याच सुमारास संगीतकार जोसेफ शिलिंगर यांनी थेरमिन आणि वाद्यवृंदासाठी रचना केली. चेक संगीतकार बोहुस्लाव्ह मार्टिनू यांची १९४४ची ‘फँटासिया’ ही रचना थेरमिन, ओबो, तंतुवाद्यं आणि पियानोसाठी आहे. हॉलिवूडने मात्र या आवाजाला भीतीशी आणि परग्रहाशी बांधून टाकलं. लोकांना थेरमिन म्हटलं की तेवढंच आठवतं, आणि यात वाद्याचं फार नुकसान झालं.

त्या समजाला सगळ्यात ठाम उत्तर म्हणजे क्लारा रॉकमोर. मूळच्या व्हायोलिनवादक, नामवंत व्हायोलिनगुरू लिओपोल्ड आउअर यांच्या शिष्या. हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटलं आणि त्या थेरमिनकडे वळल्या. हवेतल्या हवेत बोटं उघडत-मिटत नेमका स्वर गाठण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि थेरमिन यांच्याकडून वाद्याचा पल्लाही वाढवून घेतला. १९७७मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, ती रॉबर्ट मूग यांच्या पुढाकाराने. हे मूग जगप्रसिद्ध आहेत ते सिंथेसायझरसाठी, म्हणजे विजेवर हवे तसे आवाज घडवणाऱ्या वाद्यासाठी, पण त्यांचा व्यवसाय सुरू झाला तो थेरमिन बनवण्यापासून. थोडक्यात, आजच्या बऱ्याचशा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मुळाशी हे वाद्य आहे.

चौकोनांबद्दल मी वेगळा परिच्छेद लिहिला आणि त्याचा मला अभिमान आहे. तत (तंतुवाद्य), सुषिर, अवनद्ध (चर्मवाद्य), घन ही विभागणी नाट्यशास्त्रातली. एकोणिसाव्या शतकात बंगालमधले संगीतज्ञ सौरींद्रमोहन टागोर यांनी भारतीय वाद्यं ब्रुसेल्सला भेट पाठवली. तिथल्या वाद्यसंग्रहालयाचे प्रमुख महियों यांनी याच चार वर्गांच्या धर्तीवर आपली सूची रचली. त्यावरूनच हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या वाद्यांच्या अभ्यासकांनी १९१४मध्ये जगभर चालणारं वर्गीकरण केलं. पुढे १९४०मध्ये झाक्स यांनी पाचवा वर्ग जोडला: विजेवर आवाज निर्माण करणारी वाद्यं. आपलाच आराखडा जगाने घेतला आणि गरज पडली तेव्हा वाढवला. मग आपल्या अर्जावर पाचवा चौकोन का असू नये?

शेवटी पेटीची आठवण दिली. १९४०मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, कारण तिच्या पट्ट्यांवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) आणि सूक्ष्म श्रुती निघत नाहीत. ती बंदी तीन दशकं टिकली. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात आज पेटीविना मैफल सुचतही नाही. संतूरवरही सुरुवातीला मींडेच्याच मुद्द्यावरून टीका झाली होती. थेरमिनचं नेमकं उलटं आहे, इथे मींड मागावी लागत नाही. खरा कस लागतो तो मींड थांबवून एका स्वरावर स्थिर राहण्यात.

पत्र गेल्यावर बराच काळ काहीच हललं नाही. आज बैठक झाली नाही, आज सदस्य पुरे नव्हते, आज विषय राहून गेला. मग एका संध्याकाळी मी वाद्य घेऊनच गेले. चिटणिसांना म्हटलं, “साहेब, निर्णय नंतर द्या, आधी ऐका.” तानपुरा लावला, नि रे ग वाजवत खालच्या निषादापासून गंधारावर आले आणि तिथे थांबले. ते काही बोलले नाहीत, आतून दोन शिक्षकांना बोलावून आणलं. त्यातल्या ज्येष्ठ बाईंनी तीव्र मध्यमावरून पंचमावर जायला सांगितलं, मग तेच पुन्हा, अजून संथ. “चाचणीला बसू द्या हिला,” असं त्याच म्हणाल्या. इतक्या हेलपाट्यांनंतर हे वाक्य ऐकून मला भर कार्यालयात रडू आलं.

चाचणी झाली, सभाही झाली. पुढच्या वर्षीच्या अर्जावर ‘इतर’ असा पाचवा चौकोन आला आहे. मला ‘विद्युत् वाद्य’ असं स्पष्ट हवं होतं, तेही मी लेखी कळवलंय.

कार्यालयात वाजवून दाखवणार असाल तर लोखंडी कपाटापासून लांब उभे राहा आणि ऐकणाऱ्यांना अँटेनाजवळ वाकू देऊ नका, त्यांच्या शरीरानेही स्वर हलतो. वाद्य आधी थोडा वेळ सुरू ठेवून मगच स्वर जुळवा. स्पीकरला अर्थिंग हवं, जुन्या इमारतींत ते आधी तपासा. मंचावर तबलजींना डाव्या बाजूला, पुरेसं अंतर सोडून बसवा आणि उजवीकडे माइकचा लोखंडी स्टँड ठेवू देऊ नका.

पत्राचा मजकूर कुणाला हवा असेल तर सांगा. आपल्या मंडळाचं नाव घालून जसाच्या तसा वापरलात तरी चालेल.