फोन काढून घेतला असतास ना?

गेल्या वर्षी मार्चमध्ये मुलाच्या शाळेतून फोन आला. इथे मेलबर्नच्या शाळांमध्ये वेलबीइंग कोऑर्डिनेटर असतात, मुलांची मनं सांभाळणं हेच त्यांचं काम. मुलगा सुखरूप आहे, पण तुम्ही आज येऊन भेटाल का, असं त्या बाई म्हणाल्या. सुखरूप आहे म्हटल्यावरच माझ्या पोटात गोळा आला.

तो तेव्हा तेरा वर्षांचा, आठवीत. एका ऑनलाइन गेममध्ये त्याची एका 'मुली'शी ओळख झाली होती. तीन आठवडे नुसत्या गेमच्या गप्पा. मग ती म्हणाली, इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू, तिथले मेसेज आपोआप पुसले जातात. तिथे तिने स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवला आणि त्याचा मागितला, शर्ट काढलेला. तो घाबरला, दोन रात्री झोपला नाही, आणि तिसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या बाईंना सांगितलं.

मी त्याच घरात होते. रोज रात्री त्याच्या ताटात पोळी वाढत होते. घरी येताना गाडीत विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, तू फोन काढून घेतला असतास ना?"

खरंच घेतला असता. अभ्यासावरून, झोपेवरून, जेवणावरून, प्रत्येक वेळी माझं हेच वाक्य असायचं. तेच वाक्य त्याच्या आणि माझ्या मध्ये उभं राहिलं.

भारतातून आता सगळे मला एकच म्हणतात, तुमच्याकडे बरं आहे, सरकारनेच बंद केलं. 10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. दंड मुलाला किंवा आईबापांना नाही, कंपनीला, जास्तीत जास्त 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. जबाबदारी कंपनीवर टाकली हे मला मनापासून पटतं. मेलबर्न ज्या राज्यात आहे, त्या व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत तर 2020 पासून पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद करून लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि मुलं त्याला सरावली आहेत. पण ऑनलाइन गेम आणि मेसेजिंग अ‍ॅप या कायद्यात येत नाहीत. माझ्या मुलापर्यंत तो माणूस (मुलगी नव्हतीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही) ज्या वाटेने आला, ती वाट आजही उघडी आहे.

नंतर मी इथल्या ई-सेफ्टी कमिशनरच्या कार्यालयाची माहिती वाचून काढली. 2015 मध्ये फक्त मुलांसाठी सुरू झालेलं हे सरकारी कार्यालय आता सगळ्यांच्या तक्रारी घेतं. मुलाला कुणी ऑनलाइन छळत असेल तर आधी कंपनीकडे तक्रार करायची. 48 तासांत मजकूर हटला नाही तर यांच्याकडे यायचं. त्यांनी नोटीस काढली की कंपनीला साधारण 24 तासांत तो काढावा लागतो.

फोटोवरून पैशांसाठी धमकावण्याचे प्रकार कसे होतात, तेही तेव्हा कळलं. बळी बहुतेक वेळा किशोरवयीन मुलगे असतात, मुली नव्हे. आपण मात्र सगळी काळजी मुलींसाठी राखून ठेवतो. फोटो हाती लागला की काही मिनिटांत धमकी येते: पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढतच जाते. चॅट घाईने पुसायचं नाही, तोच पुरावा. समोरच्याचं नाव, प्रोफाइल टिपून घ्यायचं, मग ब्लॉक करायचं आणि तक्रार करायची. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतली संस्था चालवते, पण भारतातूनही वापरता येते. अठरा वर्षांखालील वयातला तसा फोटो असेल तर तो कुणाकडे न पाठवता, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तो ठसा वापरून सहभागी कंपन्या तो फोटो शोधून काढतात.

आणखी एक गोष्ट, आपल्या घरातलीच. दहावीचा निकाल लागला की आपण काय करतो? मुलाचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, टक्के, सगळं एकत्र स्टेटसला. बारशापासून मुंजीपर्यंतचे फोटो सगळ्यांना खुले. अनोळखी माणसाला मुलाशी ओळख काढायला याहून जास्त काही लागत नाही. नातेवाइकांनो, कृपा करून आधी त्या मुलाला विचारा.

हे सगळं मी गेल्या रविवारी इचलकरंजीला ताईला सांगत होते. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. भारतात 1930 हा सायबर गुन्ह्यांसाठीचा नंबर आणि 1098 हा मुलांसाठीचा, दोन्ही तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून घेतले. मग मी म्हटलं, ताई, नंबरांच्या आधी त्याला एक गोष्ट सांग. काहीही झालं, तुझी चूक असली तरी, फोन काढून घेणार नाही म्हणावं.

तिला ते पटायला वेळ लागला. "अगं, मग धाक काय राहिला?" म्हणाली. मी तिला आमचं गाडीतलं बोलणं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मी फोनवर असतानाच तिने त्याला हाक मारली आणि जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. "आई, आत्ता सांगू का?"

ताई मला म्हणाली, "नंतर करते गं," आणि फोन ठेवला.